गाडी बंद झाल्यावर

बाबाच्या ट्रकचं इंजिन बंद व्हायचं
आणि मी मोजायला लागायचे.
विसाच्या आत दार उघडलं, तर जेवण.
पन्नाशी ओलांडली, तर दप्तर पलंगाखाली.
शंभर झाले की लिओला उठवायचं,
त्याच्या तोंडावर हात ठेवून
मागच्या खोपटात न्यायचं, जाळ्यांच्या.
तिथे तो माझ्या मांडीवर झोपून जायचा.
डांबराचा वास,
आणि वर्षभर पाणी न पाहिलेली जाळी.

मी सात वर्षांची होते
तेव्हा सरकारनं कॉड धरायला बंदी घातली.
न्यूफाउंडलंडच्या आमच्या खाडीत त्या उन्हाळ्यात
समुद्र होता तिथेच होता,
फक्त त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.
देणेकऱ्याची नजर चुकवावी तसे
लोक पाठ करून चालायचे.

बाबाला सरकारी खर्चानं शाळेत बसवलं.
एक्केचाळिसाव्या वर्षी अपूर्णांक.
एका टेबलाशी आम्ही दोघं,
एकच पेन्सिल, आलटून पालटून.
छेद कुठला, अंश कुठला, मला विचारायचा,
मी सांगितलं की कानाच्या पाळ्या लाल.
त्या रात्री मी कितीपर्यंत मोजलं
ते सांगत नाही.

आई मासळीच्या कारखान्यात होती,
मग कारखाना नव्हता,
मग आई टोरांटोला होती.
नाताळला खोकं यायचं.
मोजे, दरवर्षी एक नंबर लहान.

गुरुवारी शाळेत मिसेस टिझर्ड यायच्या,
दीड तास बर्फातून गाडी हाकत.
गुंडाळलेले नकाशे आणि पिचका पृथ्वीगोल,
त्यांच्यामध्ये दोन खुर्च्या.
कसं वाटतंय, असं त्यांनी कधी विचारलं नाही.
"काल रात्री काय जेवलीस, फिलोमिना?"
टोस्ट.
पुढच्या गुरुवारी, टोस्ट.
नोव्हेंबरात कधीतरी बोलून गेले,
"एकच होता. लिओनं खाल्ला."
त्यांनी वहीत काही लिहिलं नाही,
पेन खाली ठेवलं.

ते पेन खाली ठेवणं
मी अजून शिकतेय.

आता सेंट जॉन्समध्ये. सकाळी हॉटेलच्या चादरी,
दुपारी मानसोपचाराचं दुसरं वर्ष.
परवा पडद्यावर प्रश्नांची यादी आली,
बालपणी यातलं काय काय घडलं?
शेजारची मुलगी सफरचंद खात होती.
सातव्या खुणेनंतर मी वही मिटली.
सर म्हणाले, समोरचा गप्प झाला तर घाबरू नका,
मनात दहापर्यंत मोजा.
दहा!
मला हसू आलं, सर्दीच्या खोकल्यात लपवलं.

दवाखान्यात माझा पहिला मुलगा, नऊ वर्षांचा,
बाही चघळत बसलेला.
मी छान गप्प बसले. अगदी न हलता.
नंतर डॉक्टर ओ'डे म्हणाल्या,
"तू त्या पोराचं ऐकत नव्हतीस.
तू दाराचं ऐकत होतीस."
तीन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही.
चौथ्या दिवशी खुर्ची फिरवून घेतली,
दाराकडे पाठ येईल अशी.
मानेवर अजून काटा येतो.

रविवारी बाबाचा फोन.
दारू सुटून चार वर्षं झाली, आवाज बारीक झालाय.
"तुझ्याकडे माझ्यासारखे येतात का गं?"
येतात.
"त्यांना काय सांगतेस?"
सांगत नाही. विचारते.
मग बराच वेळ नुसती खरखर.
सवयीनं मी मोजत होते, एकोणीस, वीस,
तेव्हा तो म्हणाला,
"मीही मोजायचो. ट्रकमध्ये.
शंभर होईस्तोवर आत जायचं नाही,
राग उतरू द्यायचा, असं ठरवलेलं.
मधेच आकडा चुकायचा.
मग पुन्हा एकपासून."

यानं काही फिटत नाही.
खोपट आहे, डांबराचा वास आहे,
लिओ अजून दिवा लावून झोपतो.

तिकडे त्याची किटली शिट्टी घालत होती.
"बाबा," मी म्हटलं, "काल रात्री काय जेवलास?"